मुक्या नणंदेचा अभिप्राय

बेलापूर, ४ सप्टेंबर २०२५

नंदिनी वहिनी,

तुझ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर छापलंय, ‘वाचकांनी आपले अभिप्राय प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावेत.’ घे, कळवते. तू नंबर बदललास, पुण्यातलं घर बदललंस. आता वाचक होऊनच तुझ्याशी बोलायचं राहिलंय.

मी संध्या. तुझी नणंद. तुझ्या पुस्तकातली ती मुकी.

मी मुकी! अगं, लिहिताना हसू तरी कसं आलं नाही तुला? दादा म्हणायचा, संध्याला गप्प करायचं तर तिच्या तोंडात बोंबील कोंबावा लागतो. आणि तू मला नुसती कोपऱ्यात बसवून डोळ्यांनी रडायला लावलीस. बरं, कथेची गरज असेल. लेखकांना म्हणे असं काहीतरी असतं.

तुला आठवत असेल-नसेल, मी बेलापूरच्या वाचनालयात काउंटरला बसते. अजून तिथंच आहे. राहायला उलव्याला गेले, पण नोकरी तीच. त्यामुळे ‘तुझ्या भरतीची वाट’ माझ्याच हातून लोकांकडे जाते आणि माझ्याच हातात परत येते. वेटिंग लागलंय पुस्तकाला. आणि पुस्तक परत देताना मेलं कोणी गप्प बसत नाही. प्रत्येकाला मला मत द्यायचं असतं, जसं काही मीच लिहिलंय.

सीवूड्सच्या क्षिप्रा मॅडम आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, “शेवटची पानं जरा ओली झालीत हं, सॉरी. मी इतकी रडले, ह्यांनी उठून गीझर गळतोय का बघितलं.” बँकेतून रिटायर झालेले अरविंद काका म्हणाले, “शैली ओघवती आहे. पण खरं सांगू, सगळ्यात जिवंत उतरलीय ती सासू. काय विखारी बाई! अशा बायका असतात हो खेड्यापाड्यांत.” खेड्यापाड्यांत म्हणे! त्यांच्या बिल्डिंगमधून आपलं दिवाळे गाव दिसतं. मी शिक्का मारला. पुस्तकावर मारला, एवढंच.

ती सासू म्हणजे माझी आई. शेवंताबाई. पुस्तकात तिला मथुरा केलंस आणि आपल्या दिपेशदादाला सागर केलंस. सागर वादळात होडी घेऊन जातो आणि जिवंत परत येत नाही. वहिनी, दादा तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. होडीत बसला की त्याला उलटी व्हायची, सगळा गाव हसायचा, कोळ्याचा पोर आणि दर्याला घाबरतो. तो काविळीनं गेला. कावीळ काही ओघवती नसते, म्हणून वादळ आणलंस ना?

तेही सोडते. लेखिका आहेस, वादळ आण नाहीतर भूकंप आण. पण ते एक वाक्य? सागरला अंगणात ठेवलंय, रेवती, म्हणजे तू, उंबऱ्यात उभी आहे, आणि मथुरा केस मोकळे सोडून तिच्या अंगावर येते: ‘काळ आणलास गो घरात!’ सगळ्यांना तेच वाक्य पाठ आहे. कोणी व्हॉट्सॲपला ठेवलंय. त्या वाक्यावर बायका आमच्या काउंटरला टेकून उसासे टाकतात.

आई बोलली असेल. मी नाही म्हणत नाही. मी तेव्हा आत होते, तुझ्या छोट्या ईश्वरीला मांडीवर घेऊन. तिनं बाहेरचं काही बघू नये म्हणून दार लोटलं होतं. बाहेरून नुसता हेल ऐकू येत होता, शब्द नाही. पण बोलली असली तरी पोटचा पोर गेल्यावर तोंडातून काय बाहेर पडतं, त्याला काही लगाम असतो का? ते तू आठ वर्षं मनात धरलंस आणि मग छापलंस?

आता मुद्द्याचं. ईश्वरी सातवीत असेल. अजून वर्षा-दोन वर्षांत ती आईचं पुस्तक हातात घेईलच. त्यात तिला तिची आजी भेटेल, केस सोडून अंगावर येणारी. त्याआधी एकदा तिला दिवाळ्याला आण. खरी आजी बघू दे. मग काय वाचायचं ते वाचू दे.

आईला या पुस्तकाचं काही माहीत नाही. तिला वाचता येत नाही, हे पहिल्यांदाच बरं वाटलं मला.

संध्या


बेलापूर, २२ सप्टेंबर २०२५

वहिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. वाचकांना लेखक कुठे उत्तरं देत बसतात?

इकडे तुझ्या पुस्तकावर चर्चा झाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये, चहा-बिस्किटं, मागे बॅनर. खुर्च्या मीच लावल्या. एका ताईंनी निबंधच आणला होता, ‘प्रेम, कुटुंब आणि विरह’. कॉलेजच्या दोन मुली म्हणाल्या की सागरसारखा नवरा मिळाला तर आम्ही कोळीवाड्यात राहायलासुद्धा तयार आहोत. ‘सुद्धा’ म्हणाल्या. एक गृहस्थ म्हणाले, दुसरा भाग हवा, त्यात सासूला पश्चात्ताप व्हायला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग क्षिप्रा मॅडम उभ्या राहिल्या, “त्या मथुरेला मी कधीच माफ करू शकणार नाही. आई म्हणायची लायकी नाही तिची.”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी म्हटलं, “मॅडम, ती माझी आई आहे.”

झालं. मग अरविंद काका हळूच म्हणाले, “म्हणजे हे सगळं खरं घडलंय?” आणि त्यांचे डोळे चमकले गं! इथं माझा जीव जातोय आणि ह्यांना पुस्तक खरं निघाल्याचा आनंद! अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “संध्याताई, वाचकांच्या मताचा आदर करायला शिका.” आदर! मी ट्रे तिथंच ठेवून घरी गेले. हो, चूक झाली. तोंड आवरायला हवं होतं. पण मुकी मी फक्त तुझ्या पुस्तकात आहे.

पुढचं ऐक. नवरात्र बसायच्या आधी मासळीला झुंबड असते. शुक्रवारी क्षिप्रा मॅडम दिवाळ्याच्या मार्केटात आल्या. विचारत विचारत आईच्या मासळीच्या पाटीपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, “त्या तुम्हीच का? पुस्तकातल्या?” आईला वाटलं पेपरात फोटोबिटो आलाय. हसली बिचारी. मॅडमनी सेल्फी काढला. मग म्हणाल्या, “एक विचारू? सुनेला असं बोलताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

आईनं सुरी खाली ठेवली. “कोनती सून? नंदिनी? ती बरी हाय ना?”

बघ. तिनं पहिलं हे विचारलं.

बाकीचं शेजारच्या दुर्गाबाईनं तिला सांगितलं, कारण तिच्या नातीनं पुस्तक वाचलंय. संध्याकाळी आईचा फोन. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. म्हणाली, “तुना मना सांगला नाय. तिनं आपला पुस्तक लिवलाय न तू लपवून ठेवलंस.” मी म्हटलं, काही चांगलं नाहीये त्यात. तर म्हणते, “त्यान दिपेश हाय का?” हाय, त्यात दादा हाय, म्हटलं. “मंग घेऊन ये. वाच मना.”

काल सर्वपित्री होती. दादाचं पान ठेवलं, कावळा शिवायला वेळ लागला नाही. आई दिवसभर तुझ्या पुस्तकाचीच वाट बघत होती. आता मी काय करू, सांग. तेवढं वाक्य गाळून वाचू? वाचनालयात नोकरी करून पानं गाळायची वेळ आणलीस तू माझ्यावर.

संध्या


दिवाळे, ५ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

आज डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते. नीट वाच, घाईत वाचू नकोस.

मी आईला तुझं पुस्तक वाचून दाखवलं. रोज वाचनालयातून सुटले की दिवाळ्याला यायचे, ती ओसरीत कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत बसायची आणि मी वाचायचे. एवढी चांगली वाचक तुला मिळाली नसेल गं. सागर-रेवतीची पहिली भेट तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. लाजली! “असाच होता मेला, गोड बोलून काम काढायचा.” मथुरा दुपारी जाळं विणत बसते असं तू लिहिलंस, तिथं मला थांबवलं. “जाला बाप्ये विनतान. मी कंदी विनला? तिला म्हनावं, इचारायचा तरी.” तो वादळात जातो तिथं मीच थांबले. मी म्हटलं, हे खोटं आहे आई, बंद करू का? म्हणाली, “र्‍हाऊ दे. तिला त्यो तसा जावा असा वाटला असेल. दवाखान्यान कोनाला आवडतंय.”

तुला एवढं समजून घेणारी ती बाई. मला कधी घेतलं नाही एवढं.

मग ते वाक्य आलं. गाळायचं ठरवलं होतं, पण ती इतकी कान देऊन बसली होती की जीभच वळेना. वाचलं. ‘काळ आणलास गो घरात.’

आई म्हणाली, “ह्यो कोन बोलला?”

“तू बोललीस, आई. पुस्तकात.”

“मी? असा? कंदी?”

“दादाला अंगणात आणलं तेव्हा.”

आईनं सूप बाजूला सारलं आणि तिथंच हेल काढला. आठ वर्षांनी, जसाच्या तसा. तुला माहीतच नाही वहिनी, आमच्याकडे मयताला बाई नुसती रडत नाही, ती सांगते. गेलेल्याचं सगळं सुरात सांगायचं, कधी जन्मला, काय आवडायचं, शेवटचं काय खाल्लं. आणि समोर जी असेल तिला ‘तू’ म्हणून सांगायचं. कधी देवीला, कधी मेलेल्याला, कधी सुनेला. ते भांडण नसतं. माझ्या आजीच्या मयताला माझ्या मावश्यांनी सगळ्या गावाला ‘तू, तू’ करून सांगितलं होतं. तुमच्याकडे पदर तोंडाला लावून मुसमुसतात. तुला कोणी हे सांगितलंच नाही. कोण सांगणार होतं, सगळे त्याच्याभोवती होते.

आई काय म्हणाली, तिच्याच शब्दांत लिहिते: “माझा सोना काल आनलास गो घरान. काल आनलास म्हनून एक रात माझे हातचा जेवला गो. तू नसतीस त दवाखान्यानच उपाशी गेला असता गो.”

काल. आजच्या आदल्या दिवशीचं काल.

अगं, आदल्या दिवशी तूच नाही का त्याला घरी आणलंस? डॉक्टर म्हणत होते अजून दोन दिवस ठेवा, दादा हट्ट धरून बसला होता की मला घरी ने, आणि तू सही केलीस. रात्री आईनं त्याला पेज भरवली, तो हसला, म्हणाला मीठ कमी आहे. सकाळी गेला. आई त्या अंगणात तुझे उपकार मानत होती. सगळ्या गावासमोर, छाती पिटून.

आणि तुला ऐकू आलं काळ!

तू आमची भाषा शिकलीस ना, तिथंच घात झाला. लग्न करून आलीस तेव्हा किती कौतुक तुझं! वही नाही, पेन नाही, कान देऊन शिकलीस. हे लोक डोळ्याला डोला म्हणतात, जाळ्याला जाला म्हणतात, कोळ्याला कोली म्हणतात. म्हणजे यांचा ल आला की आपण मनात ळ करायचा. दादा तुला चिडवायचा, पुण्याच्या बाईनं आमचे सगळे ल धुऊन वाळत घातले. त्या दिवशी पण तू तेच केलंस. सगळा जन्म आमचा ल खोटा आणि तो एकच ल खरा होता गं! लोक ध चा मा करतात, तू ल चा ळ केलास.

एवढ्याशा अक्षरापायी आठ वर्षं. ईश्वरीची शाळा, दुधाचे दात, पहिली सायकल, सगळं गेलं आमचं. मला राग येतोय आणि तो कोणावर काढायचा हेच कळत नाही. तुझ्यावर काढावा तर तू तेव्हा अठ्ठावीसची, नवरा समोर पडलेला, सही तुझ्या हातची, मनात तोच सल. कानाला तेच ऐकू येणार. आईवर काढावा तर ती बिचारी कोलीम निवडतेय. मग काय, चतुर्थीच्या उकडीसारखी आतल्या आत उकडतेय मी.

पण वहिनी, आता तरी कळलं ना? आता तरी ये. पुस्तकात बदल कर, न कर, मला काही पडलेली नाही. ईश्वरीला सांग, आजी असं बोललीच नव्हती.

संध्या


दिवाळे, १६ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांत पहिलं, आणि तेही टाइप केलेलं.

‘संध्या, मी तिथे उभी होते, तू नव्हतीस. मी जे ऐकलं ते ऐकलं. इतक्या वर्षांनी एक अक्षर बदलून सगळं गोड करून घेणं तुमच्या सोयीचं आहे, पण माझी जखम त्यावर भरत नाही. वाचकांनी त्या वाक्यावर प्रेम केलंय, कारण ते खरं आहे. दिवाळीला नवी आवृत्ती येते आहे. त्यांनी ते शब्द मान्य केले असते, एकदा माफी मागितली असती, तर ईश्वरीला घेऊन मी कधीच आले असते.’

किती स्वच्छ मराठी. एकही चूक नाही.

मी काय पुरावा आणू गं? बोललेला ल कुठे ठेवलेला असतो? त्या दिवशीच्या बायकांना विचारत फिरले. दुर्गाबाई म्हणते मी भात टाकायला गेले होते. दुसरी म्हणते हो हो, काल म्हणाली, तिसरी म्हणते आम्ही दोन्ही तसंच बोलतो बाई, आम्हाला काय फरक कळतो? म्हणजे ज्यांना फरक कळत नाही त्या आमच्या बाजूला आणि जिला कळतो ती एकटी तू, समोरच्या बाजूला. वाचनालयात क्षिप्रा मॅडमना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “इंटरेस्टिंग आहे. पण पुस्तकातलंच जास्त भिडतं.” हात टेकले मी.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायचं नव्हतं. पण आता लपवायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून दाखवलं. शेवटच्या ओळीवर ती म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. “म्हंजे मी बोलली म्हनलं, तर ती पोरीला आनील?”

मी म्हटलं, “आई, तू बोललीच नाहीस.”

“तुना इचारला का ते? आनील का, सांग.”

आनील, असं लिहिलंय.

“मंग लिव. मीच बोलली. तसाच म्हनली. मना माफ कर.”

वहिनी, मी भांडले गं तिच्याशी. एवढी आयुष्यात भांडले नाही. म्हटलं, सगळं जग तुला विखारी म्हणतंय, अनोळखी बाई तुझ्या पाटीपुढे येऊन फोटो काढते, आणि तू होय म्हणणार? छापील खोट्यावर अंगठा देणार? तू तर तिचे उपकार मानले होतेस! तर मला म्हणते, “उपकार मानलं ते मना ठाव हाय, दिपेशला ठाव हाय. बास. खरा घेऊन काय करू, त्यो मना आजी म्हननार हाय का?”

याला तुझ्याकडे उत्तर असेल तर छाप.

तेव्हा ती सांगते तसं लिहिते. शेवंताबाई कोळी कबूल करतात की त्यांनी सुनेला काळ म्हटलं. त्या माफी मागतात. ईश्वरीला घेऊन या. आता मिळाला तुला दुसरा भाग, सासूला पश्चात्ताप झालेला. वाचक खूश होतील.

हे खोटं आहे. लिहिणारीला माहीत आहे, सांगणारीला माहीत आहे आणि वाचताना तुलाही कुठेतरी माहीत असणार. पण तू आलीस की आई हेच सांगेल, तुझ्यासमोर आणि ईश्वरीसमोर, हात जोडून. ती सकाळपासून पाठ करत बसलीय, तोंडात ळ बसत नाही म्हणून मला विचारतेय, बरोबर म्हनते का गो? पोरीनं आजीला पहिल्यांदा बघावं आणि आजीनं न केलेल्या पापाची तिची माफी मागावी, एवढं होऊ देऊ नकोस. दारात आल्याबरोबर तूच तिला आधी थांबव.

संध्या